आधी मिसळ, मग मिटिंग!

सकाळच्या मिटिंगला मिळतं काय? मशीनचा चहा आणि दोन मारी बिस्किटं. पण समोरच्यानं लॅपटॉप उघडायच्या आधी गरमागरम मिसळीची प्लेटच पुढ्यात ठेवली तर? एका नाश्त्यानं शिकवलेल्या ऑफिसच्या धड्याची ही चमचमीत गोष्ट.

पहाटे पावणेचारचा अलार्म. साडेचारला दारात कंपनीची गाडी, शेजारी आमचे सीनियर सर आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप. पुणे ते कोल्हापूर म्हणजे साधारण २३० किलोमीटर. खंबाटकी घाट चढेपर्यंत सर गाढ झोपले होते आणि मी स्लाईड्स चाळत बसले होते. एकूण चौदा स्लाईड्स. त्यातल्या तेरा नुसत्या सजावटीच्या. खरी गोष्ट चौदाव्या स्लाईडवर होती : यंदा रेटमध्ये पाच टक्के कपात हवी.

मी एका ऑटो पार्ट्स कंपनीत सोर्सिंगला आहे. सोप्या मराठीत सांगायचं तर कंपनीला लागणारा माल कमीत कमी भावात मिळवायचा, हे माझं काम. शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री आम्हाला कास्टिंग्ज पुरवते. नोकरीचं माझं दुसरं वर्ष आणि कुणाचा तरी भाव पाडायला मी पहिल्यांदाच निघालेले. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचेही मी सांगितले तेवढे पैसे देऊन येते, हवं तर माझ्या आईला विचारा. त्यामुळे पोटात दोन गोष्टी एकदम होत्या. एक म्हणजे कडकडून लागलेली भूक आणि दुसरा टेन्शनचा गोळा.

नऊला पोचलो. वॉचमननं रजिस्टर पुढे करायच्या आधीच वर्दी दिली, "नाष्ट्याला थांबल्यात सगळे. तिकडं कँटीनला चला."

लॅपटॉपला कट लागंल!

कँटीन म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, त्यात दोन लांब टेबलं आणि टेबलावर स्टीलच्या मोठाल्या किटल्या. फाउंड्रीचे मालक स्वतः उभे राहून प्लेट लावत होते. साठीचे असतील. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"बसा, बसा. पुण्यातनं पहाटेच निघालाय, पोटात काय असणार?"

सरांनी सवयीप्रमाणे बॅगेची चेन ओढली. "सर, वेळ कमी आहे, एकीकडे प्रेझेंटेशन सुरू करूया का?"

"लॅपटॉपला कट लागंल, साहेब. ठेवा तिकडं बाजूला."

विषय संपला!

मग प्लेट आली. तळाला मटकीची उसळ, तिच्यावर बटाट्याची भाजी, मग फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. वर किटलीतून लालभडक कटाची धार. सोबत पाव नाही, तर ब्रेडच्या जाड स्लाईस. कोल्हापुरात मिसळ अशीच खातात, पाव मागितलात की तुम्ही बाहेरचे हे लगेच कळतं. मी मागितला. सगळे हसले. त्या हसण्यात मला ऑकवर्ड वाटावं असं काही नव्हतं, उलट कुणीतरी माझ्याकडे आणखी दोन स्लाईस सरकवल्या.

पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी, दुसऱ्याला नाकात आणि तिसऱ्या घासाला चक्क ब्रह्मानंद. वाटी रिकामी व्हायचा अवकाश, की कट हजर. "पुरे" म्हटलं की "थोडंसंच" असं उत्तर. आणि ते थोडंसं म्हणजे पुन्हा वाटी काठोकाठ. मिसळ संपत आली तसा एक डबा उघडला. "ह्यो शिरा घरातनं आलाय. पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्या मंडळी पाचला उठल्या." तुपात न्हालेला, वेलदोड्याच्या वासाचा शिरा. मी डाएटवर आहे हे मला त्या क्षणी अजिबात आठवलं नाही.

एवढं आमच्यासाठी? मी जरा संकोचूनच विचारलं. तेव्हा कळलं की मिसळ आमच्यासाठी नव्हतीच. दर शनिवारी रात्रपाळी सुटताना सगळ्यांनाच मिसळ असते. शेजारच्या टेबलावर काळ्या वाळूनं माखलेल्या कपड्यांतली माणसं त्याच किटलीतून कट घेत होती. आम्ही फक्त त्या पंगतीत धरले गेलो होतो. स्पेशल होता तो शिरा.

पाऊण तास कामाचा एक शब्द निघाला नाही. मूळ गाव कुठलं, घरी कोण असतं, पुण्यात फ्लॅटवर स्वयंपाक कोण करतं, सगळी चौकशी झाली. "सर" म्हणून सुरुवात केलेली मी शिऱ्यापर्यंत "काका" वर आले होते. आणि बॅगेत चौदावी स्लाईड वाट बघत होती.

पॉवर ब्रेकफास्ट, देशी स्टाईल

कॉर्पोरेट जगात याला मस्त नाव आहे, पॉवर ब्रेकफास्ट. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यूवरच्या रीजन्सी हॉटेलात शहरातली बडी मंडळी सकाळी नाश्त्याला जमायची आणि तिथेच मोठमोठ्या गोष्टी ठरायच्या. तिथून हे नाव जगभर गेलं. आपल्याकडे मात्र नाव यायच्या आधीपासूनच काम सुरू होतं. पुण्यात 'वैशाली'च्या डोशावर आणि 'गुडलक'च्या बनमस्क्यावर किती पार्टनरशिप जमल्या आणि किती मोडल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मुंबईत माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत रविवारी सकाळी जागेसाठी ताटकळणाऱ्या गर्दीत प्रेमात पडलेल्यांइतकेच धंद्यात पडलेलेही असतात. नागपूरला तर्री-पोहे, नाशिकला पापड आणि दह्याच्या वाटीसकट मिसळ, इंदूरच्या मराठी घरांत पोहे-जिलबी, गोव्यात भाजी-पाव. गाव बदललं की प्लेट बदलते, पण रीत तीच. आधी खाणं, मग बोलणं.

पुण्यातल्या "चहा घेऊनच आला असाल" या जोकवर आपण सगळे हसतो. पण तुमच्या ऑफिसात बाहेरून माणूस येतो तेव्हा काय होतं, आठवून बघा. कॉन्फरन्स रूमचा एसी फुल्ल, कागदी कपात मशीनचा चहा, बशीत चार बिस्किटं आणि ती उचलायची हिंमत कुणाचीच होत नाही. शेवटी मिटिंग संपल्यावर आपणच ती डेस्कवर नेऊन खातो. हो ना?

एकाच बाऊलचा फंडा

खाण्यानं बोलणी सोपी होतात, हा आजीचा अनुभव. आता संशोधकही तेच म्हणतायत. लक्ष्मी बालचंद्र यांनी एमबीएच्या १३२ विद्यार्थ्यांना एका गुंतागुंतीच्या डीलची वाटाघाटी करायला बसवलं. काहींना खाता खाता, काहींना उपाशी. २०१३ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की खात खात बोलणाऱ्यांनी दोन्ही बाजूंचा मिळून साधारण ११-१२ टक्के जास्त फायदा काढला. म्हणजे एकानं दुसऱ्याला गंडवलं नाही, दोघांच्याही पदरात जास्त पडलं.

२०१९ मधला केटलिन वुली आणि अॅलेट फिशबाख यांचा प्रयोग तर अजून मजेशीर. अनोळखी माणसांच्या जोड्यांना चिप्स आणि साल्सा दिला. काही जोड्यांना एकाच बाऊलमध्ये, काहींना वेगवेगळ्या. मग एकाला मॅनेजमेंट आणि दुसऱ्याला युनियन बनवून पगाराची बोलणी करायला लावली. एका बाऊलमधून खाणाऱ्यांचा लुटुपुटूचा संप सरासरी ९ दिवसांत मिटला, वेगळ्या बाऊलवाल्यांना १३ दिवस लागले. एकाच भांड्यातून खायचं तर आपला हात कधी पुढे करायचा आणि कधी आवरायचा, हे समोरच्याकडे बघूनच ठरवावं लागतं. तीच सवय बोलण्यातही उतरते, असं त्यांचं म्हणणं.

एका किटलीतून कट घेणाऱ्या कोल्हापूरकरांना हे कुणी सांगायला नको!

पण मग ही लाच नाही का?

हा प्रश्न शिऱ्याच्या दुसऱ्या वाटीला माझ्याही मनात आलाच. कारण नाण्याला दुसरी बाजू आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये जवळजवळ दोन लाख ऐंशी हजार डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या गेल्या. औषध कंपनीनं दिलेलं अवघं एक जेवण, तेही सरासरी वीस डॉलरहून कमी किमतीचं. ते घेतलेल्या डॉक्टरांकडून त्या कंपनीचं ब्रँडेड औषध जास्त लिहून दिलं जात असल्याचं दिसलं. जेवणामुळेच हे झालं असं सिद्ध होत नाही, हे संशोधकांनीही स्पष्ट केलं. तरी विचार करायला लावणारी गोष्ट आहे. कारण आपण सगळेच म्हणतो, "एका प्लेटनं मी थोडाच विकला जाणार?"

आपल्या सरकारी नियमांनी यावर फार शहाणी रेघ ओढली आहे. केंद्र सरकारी नोकरांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. त्यात म्हटलंय, की सहज घडलेलं जेवण किंवा कुणी गाडीतून सोडणं ही 'भेट' धरायची नाही. पण ज्यांच्याशी कामाचा संबंध आहे त्यांचा उंची किंवा वारंवारचा पाहुणचार टाळायचा. म्हणजे मिसळ चालेल, दर महिन्याला फाईव्ह स्टारमधलं डिनर नाही चालणार. बहुतेक खासगी कंपन्यांच्या पॉलिसीतही असंच काहीतरी असतं. आपण ती जॉइन होताना सही करून विसरतो, एवढंच.

माझ्यापुरता मी एक साधा हिशेब लावला. जो पाहुणचार सगळ्यांसमोर होतो, जो रात्रपाळीच्या कामगारालाही मिळतो आणि जो घरी आईला फोनवर सांगताना आवाज खाली करावा लागत नाही, तो पाहुणचार. बाकीचं सगळं संशयास्पद.

चौदावी स्लाईड

तर आता मिटिंग. काकांच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर नव्हता, म्हणून लॅपटॉपच त्यांच्याकडे वळवला. तेरा स्लाईड्स भराभर गेल्या. चौदावी आली आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. तोंडात अजून वेलदोड्याची चव होती हो!

तरी बोलले. पाच टक्के. काकांनी शांतपणे ऐकलं. चिडले नाहीत, लोखंडाचे भाव, विजेचं बिल यांचं रडगाणंही गायलं नाही. त्यांनी ड्रॉवर उघडला, एक कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"रेटचं बघू आपण. त्याच्या आधी हे तेवढं बघा, मॅडम."

'ताई'वरून पुन्हा 'मॅडम'. कागदावर आमच्या कंपनीकडे थकलेली बिलं होती. सात. सगळ्यात जुन्या बिलाला ११२ दिवस झालेले.

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. या बिलांची मला पूर्ण कल्पना होती. फाउंड्रीच्या अकाउंटंटचे तीन मेल माझ्या इनबॉक्समध्ये होते. मालाच्या पावतीत एक नंबर जुळत नव्हता, तो मी स्टोअर्सला विचारून दुरुस्त करून द्यायचा होता. पंधरा मिनिटांचं काम. 'उद्या करू' म्हणत मी ते ढकलत राहिले आणि पुढची बिलं त्यामागे अडकत गेली. असल्या वेळी म्हणायचं वाक्यही ऑफिसात सगळ्यांना पाठ असतं : "अकाउंट्सकडे पाठवलंय, प्रोसेसमध्ये आहे." फोनवर मी ते दोनदा म्हटलंही होतं.

त्या केबिनमध्ये ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. पाऊण तास हा माणूस आम्हाला वाढत होता. ड्रॉवरमध्ये हा कागद तयार होता आणि त्यानं खाताना त्याची चाहूलही लागू दिली नव्हती. त्याची रात्रपाळी माझ्या शेजारी बसून जेवली होती आणि त्यांच्या पगाराचे पैसे कुठेतरी माझ्या इनबॉक्समध्ये अडकले होते.

"काका, बिलं अकाउंट्सकडे गेलीच नाहीयेत," मी म्हटलं. "माझ्याकडेच पडून आहेत. माझी चूक आहे."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, की तो कटसुद्धा फिका पडावा. काकांनी मात्र चष्मा काढून पुसला. "बरं झालं सांगितलं," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, "खाताना पैशाचं काढू नये, असं आमची आई सांगायची. म्हणून आधी बोललो नाही."

मग खरी मिटिंग झाली. आम्हाला पाच टक्के मिळाले नाहीत, दोन मिळाले. तेही एका अटीवर, बिल ४५ दिवसांच्या आत. आणि गंमत बघा, ही काही मेहेरबानी नव्हतीच. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं आणि दर महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. काका ते व्याज मागू शकत होते. त्यांनी शिरा वाढला.

खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे काय, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता. मला वाटायचं, ज्याचं खाल्लं त्याच्या मनासारखं करायचं. तसं केलं असतं तर मी माझ्या कंपनीशी बेइमानी केली असती. आकडा मी सांगितलाच आणि सांगायलाच हवा होता. पण ज्याच्या पंगतीला बसून खाल्लं त्याच्या तोंडावर खोटं बोलायचं नाही, एवढं तर आपण करू शकतो. मिठाला एवढं जागलं तरी खूप झालं.

शिऱ्याच्या गुठळ्या

परतीच्या वाटेवर कराड येईपर्यंत सर एक अक्षर बोलले नाहीत. मग म्हणाले, "सप्लायरसमोर आपली चूक कबूल करायची नसते." मी गप्प. पाच मिनिटांनी पुन्हा आवाज आला, "शिरा मात्र अफलातून होता."

सोमवारी सकाळी पहिलं काम केलं ते त्या नंबरचं. पंधरा नाही, बाराच मिनिटं लागली. अकरा दिवसांत पाच बिलं गेली, उरलेली दोन पुढच्या महिन्यात.

दोन महिन्यांनी काका आमच्या ऑफिसात यायचे होते, सकाळी दहाला. अॅडमिनला विचारलं तर उत्तर आलं, ब्रेकफास्टचं बजेट फक्त फॉरेनच्या व्हिजिटर्सना. मग आमच्या टीमनं ठरवलं, घरून आणायचं. एकानं पोहे आणले, एकीनं इडली-चटणी. सरांनी, होय, आमच्या सरांनी, वहिनींच्या हातचे घावन आणले. आणि शिरा मी केला, फ्लॅटवर, सकाळी साडेपाचला उठून. तेव्हा कुठे कळलं, पाचला उठून पाहुण्यांसाठी रवा भाजणं काय असतं ते.

कॉन्फरन्स टेबलवर पहिल्यांदाच वर्तमानपत्रं अंथरली गेली. हाऊसकीपिंगच्या मावशींनाही बोलावलं, कारण पंगत म्हटली की पंगत. काकांनी सगळं खाल्लं. शिऱ्याचा पहिला घास घेऊन क्षणभर थांबले.

"जरा गुठळ्या झाल्यात, ताई."

मी श्वास रोखला.

"पण घाला अजून थोडा."

'मॅडम'वरून पुन्हा 'ताई'. त्या दिवशी कुणीही लॅपटॉप लवकर उघडला नाही.

चौकट : नाश्त्याची मिटिंग आहे? हे लक्षात ठेवा

* यजमान असाल तर आधी विचारा. उपास, जैन जेवण, शेंगदाण्याची अॅलर्जी, तिखट झेपतं का, हे आदल्या दिवशी एका फोनवर कळतं.

* पाहुणे असाल तर पूर्ण उपाशी जाऊ नका आणि पोट भरूनही जाऊ नका. आग्रहाला जागा ठेवा!

* एक किटली, एक पातेलं, सगळ्यांनी वाढून घ्यायचं. बंद डब्यातलं पार्सल प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवलं की पंगतीची मजा गेली.

* खाताना कामाचं काढू नका. पण गप्पांची वेळही ठरवा. अर्धा-पाऊण तास पुरे.

* चहा आणणाऱ्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनी खाल्लं का, हे बघा. तुमच्या गाडीचा ड्रायव्हरही पहाटे चारलाच उठलेला असतो.

* पाहुणचार महागडा किंवा वारंवारचा व्हायला लागला तर हसून, पण स्पष्ट नाही म्हणा. कंपनीची पॉलिसी एकदा वाचूनच टाका.

* ज्यांनी रांधलं त्यांना निरोप पाठवा. घरून डबा आला असेल तर तो रिकामा परत देऊ नये, हे तर आपल्याला आजीनंच शिकवलंय.

* आणि हो, परत आल्यावर त्यांचं एखादं बिल तुमच्या इनबॉक्समध्ये झोपलेलं नाही ना, हे आधी तपासा.